आचार्य, आचारी आणि अर्धा र

जगभर वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये माझं एक टिंब आहे. कुणाच्या नावावर फ्लॅट असतो, कुणाच्या नावावर सातबारा असतो. माझ्या नावावर हे टिंब आहे. तारीख, वेळ आणि माझं नाव यांसकट त्याची नोंद झालेली आहे. अडचण एवढीच, की ते टिंब दिसत नाही. पाहुण्यांना दाखवावं म्हणून मी एकदोनदा लॅपटॉप उघडला. पाहुणे चष्मा पुसून पुसून पडद्याकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "छान आहे."

त्याची हकीकत अशी.

मी निवृत्त झालो तेव्हा माझा लॅपटॉपही निवृत्तीला आला होता. तो सुरू होईपर्यंत इकडे चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. माझ्या भाचीनं एका रविवारी त्याच्यावर लिनक्स घातलं, पडद्यावरची भाषा मराठी केली आणि "मामा, आता हा आणखी पाच वर्षं चालेल," असं सांगून ती हिंजवडीला निघून गेली. लॅपटॉप खरंच चालायला लागला. मी मात्र अडखळलो. एका लहानशा प्रोग्रॅमच्या यादीत मला दिसलं : 'दुसर्या खिडकीत उघडा'.

प्रोग्रॅमचं नाव सांगत नाही. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या भातातला खडा गावभर सांगू नये. पण खडा होता. मी बत्तीस वर्षं मुद्रितशोधक होतो. असा खडा बाकीच्यांना लागतसुद्धा नाही. आपली दाढ मात्र दिवसभर ठणकत राहते.

ज्यांचं बालपण रफाराच्या धाकात गेलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मराठीत र अर्धा होतो तो दोन तऱ्हांनी. एक डोक्यावर चढून बसतो : सूर्य, कार्य, आचार्य. दुसरा आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो : दुसऱ्या, सुऱ्या, गिऱ्हाईक. हिंदीचं या दुसऱ्यावाचून काही अडत नाही. मराठीचं पानसुद्धा हलत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे सह्याद्रीतल्या. आचार्याला वाकून नमस्कार करायचा असतो, आचाऱ्याला उचल द्यायची असते. माझ्या उमेदवारीत एका कार्यक्रमपत्रिकेतला र आडवा झाला आणि समारंभाचं दीपप्रज्वलन आचाऱ्यांच्या हस्ते झालं, निदान छापील कागदावर तरी. तो प्रसंग मी विसरलेलो नाही, कारण त्या महिन्याचा पगार करणाराही तो विसरला नव्हता.

मी भाचीला फोन लावला. "तुझ्या त्या सॉफ्टवेअरवाल्यांना मराठी येत नाही."

"मग तू दुरुस्त कर ना, मामा."

"मी? मी काय त्यांच्या कंपनीत आहे?"

"कंपनी नाहीच आहे रे. ओपन सोर्स आहे ते. सगळं उघडं आहे."

आमच्या घरी 'उघडा' हा शब्द बनियनसुद्धा न घालता गॅलरीत उभ्या राहिलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला आहे. त्यामुळे हे पचायला मला वेळ लागला. तिनं समजावून सांगितलं, की सॉफ्टवेअर ज्या मजकुरातून तयार होतं तो इथे कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुढे वाटता येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचारानं काम सुरू करत असल्याचं जाहीर केलं, पण 'फ्री' या इंग्रजी शब्दानं त्यांची कायमची पंचाईत केली. पैसे न पडणारं की बंधन नसलेलं, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले. मराठीत त्यांचे एवढे श्रम वाचले असते. आपल्याकडे 'मुक्त' वेगळं आणि 'फुकट' वेगळं. आकर्षण दुसऱ्याचं जास्त, एवढंच.

"पण मला प्रोग्रॅमिंग येत नाही," मी म्हणालो.

"तुला र येतो ना?"

यावर मी गप्प बसलो. र मला येतो.

दार उघडं असणं वेगळं आणि उंबरठा ओलांडता येणं वेगळं, हे मला लवकरच कळलं. पहिल्या पायरीवरच एक फाइल होती, नाव 'रीड मी'. मराठीत 'मला वाचा'. ती वाचून झाल्यावर माझ्या तोंडून निघालं ते 'मला वाचवा'. आधी फोर्क करा, मग क्लोन करा, ब्रँच काढा, बदल कमिट करा, पुश करा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा. एका टिंबासाठी एवढे विधी! माझं लग्न याहून आटोपशीर झालं होतं.

भाचीनं एकेक विधी उलगडला. फोर्क म्हणजे जेवायचा काटा नव्हे, रस्त्याला फुटतो तो फाटा. मूळ मजकुराची आपल्यापुरती प्रत घ्यायची आणि तिच्यात हवा तो गोंधळ घालायचा. मूळ प्रतीला ओरखडा उमटत नाही. कमिट म्हणजे 'हे मी केलं' अशी वहीत सही. आणि पुल रिक्वेस्ट म्हणजे, माझ्या प्रतीतला हा बदल आपण आपल्या मूळ प्रतीत ओढून घ्यावा ही विनंती.

"अगं, ही तर प्रुफं तपासायची पद्धत झाली!" मी म्हणालो. आम्हीही लेखकाच्या हस्तलिखिताला हात लावत नव्हतो. समासात खूण करायची, शेजारी सही ठोकायची. घ्यायचं की नाही ते संपादक ठरवणार. फरक इतकाच, की आमची समासातली भांडणं रद्दीत जायची आणि इथली जगाला दिसतात. या सगळ्या नोंदी ठेवणारं 'गिट' लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलं. त्याआधी १९९१ साली हेलसिंकीत शिकत असताना त्यांनी लिनक्सला हात घातला, तेव्हा हा आपला छंद आहे, यातून काही मोठं होणार नाही, असं कळवून ठेवलं होतं. मराठी माणूस दुकान काढताना साधारण हेच म्हणतो. फक्त त्याचं पुढे खरं होतं.

विनंती म्हटल्यावर माझा हात आपोआप वळला. मी मायना लिहिला : 'स. न. वि. वि.' सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. भाचीनं तो खोडला. मी तो पुन्हा घातला. अखेर मजकूर इंग्रजी आणि मायना मराठी अशी तडजोड झाली.

पाठवून चार सेकंद झाले नाहीत तोच समोर लाल फुली. मी हादरलोच. बत्तीस वर्षांत एकाही संपादकानं मला इतक्या झटपट नाकारलं नव्हतं. पण ती फुली माणसाची नव्हती. आधी यंत्र तपासतं, मग माणूस. माझ्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहून गेली होती. जी दिसतसुद्धा नाही अशा जागेपायी मला नापास केलं होतं! राग यायला हवा होता. आला तो आदर. परदेशात आपल्या पेशातलं कुणी भेटावं तसं वाटलं.

तीन दिवसांनी माणसाचं उत्तर आलं. त्या सॉफ्टवेअरचा सगळा भार वाहणारा हा गृहस्थ युरोपातला. अशा माणसाला तिकडे मेंटेनर म्हणतात. त्यानं आधी मायन्याचा अर्थ विचारला, मग आभार मानले आणि मग एक शंका काढली : हा तुमचा र दोन तऱ्हांनी लिहिलेला मला सापडतो. त्यांतली बरोबर कोणती?

शंका रास्त होती. संगणकाला हा आडवा र दोन वाटांनी सांगता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य लावायचा. दोन, साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि मध्ये रुंदीच नसलेलं एक अदृश्य जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द. एका वाटेनं लिहिलेला 'दुसऱ्या' दुसऱ्या वाटेनं शोधायला गेलात तर हाती लागेलच असं नाही. शिवाय ते अदृश्य चिन्ह इकडून तिकडे नेताना गळून पडलं, की र पुन्हा डोक्यावर चढतो. आमच्या 'दुसर्या'चं बहुधा तेच झालं होतं. मी टिंबाची वाट सुचवली. गंमत अशी, की टिंब टाकलं आणि र आडवा झाला, की ते टिंब दिसेनासं होतं. पाहुणे चष्मा पुसतात ते त्यामुळे.

हे सगळं त्याला समजावून लिहिताना माझ्या लक्षात आलं, की या पत्रव्यवहारात नवशिका कोण आणि जाणता कोण हे दर ओळीला बदलतंय. गिटमध्ये मी बालवर्गात होतो, र मध्ये तो. त्यानं मला एक मोकळी जागा शिकवली, मी त्याला एक अर्धं अक्षर.

असे र पुष्कळ असतात, हे पुढे कळलं. प्रोग्रॅम लिहिणारा इंग्रजीत विचार करतो, वाक्याचा साचा बनवतो आणि रिकाम्या जागी गावाचं नाव घालतो. त्यातून मराठीत 'पुणेला' निघतं. पुण्याला पोचायचं तर आधी पुण्याचं सामान्यरूप करावं लागतं, हे बाहेरगावच्या यंत्राला कोण सांगणार? 'काढून टाकला' म्हणावं तर फाइल स्त्रीलिंगी, 'काढून टाकली' म्हणावं तर फोल्डर पुल्लिंगी आणि चित्र तिसरीकडेच. मग भाषांतर करणारा बिचारा 'काढून टाकण्यात आले आहे' असं लिहून मोकळा होतो, आणि आपण विचारतो, संगणकाची मराठी इतकी सरकारी का? ती सरकारी नाही हो, तिन्ही लिंगांना घाबरलेली आहे. आणि मुख्य प्रक्रियेतून निघालेली उपप्रक्रिया थांबवली, हे सांगणारा एक निरुपद्रवी इंग्रजी संदेश आहे. त्याचं शब्दशः मराठी केलं तर 'बालक मारले गेले' असं होऊन दारात पोलीस येतील. हे खडे कोड लिहिणाऱ्याला लागत नाहीत. ते लागतात शाळेतल्या मराठीच्या बाईंना. पण हे आपलंही काम आहे, असं त्या बाईंना कुणी सांगितलेलंच नसतं.

चूक दाखवणाऱ्याचा मान कसा ठेवावा हे डोनाल्ड कनूथ यांच्याकडून शिकावं. पुस्तकांची पानं सुबक जुळवणारं 'टेक' हे सॉफ्टवेअर त्यांचंच. आपल्या पुस्तकात चूक काढणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे, कारण २५६ हा संगणकवाल्यांचा लाडका आकडा. लोक तो चेक वटवायचे नाहीत, चौकटीत बसवून भिंतीवर लावायचे. हा दर आमच्याकडे असता तर मी भिंत भरून टाकली असती आणि प्रकाशकानं कुलूप लावलं असतं.

नवख्याला कामात कसं ओढावं याची उत्तम रीत आपल्याकडच्या पंगतीत होती, असं मला वाटतं. आठ वर्षांचा असताना गावाकडच्या एका लग्नात माझ्या हाती मिठाचं भांडं आलं. त्यात हिशेब होता. मीठ हलकं, सांडलं तर नुकसान नाही, जास्त पडलं तर जेवणारा बाजूला सारतो. पण जागा ठरलेली : पानाच्या वरच्या अंगाला, मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. मीठ वाढता वाढता पोराला पानाचा नकाशा पाठ होतो. पुढच्या लग्नात चटणी, मग पोळ्या, मग आमटीची बादली. तुपाची लोटी हाती येईतो मिसरूड फुटलेलं असायचं. आणि तूप वाढणाऱ्यानंही वेळ पडली तर मीठ वाढायचं, त्यात कमीपणा नाही.

चांगल्या ओपन सोर्स प्रकल्पांत हे मिठाचं भांडं असतं. मेंटेनर काही सोपी कामं मुद्दाम शिल्लक ठेवतो आणि त्यांच्यावर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावतो. ती त्यानं स्वतः केली तर दहा मिनिटांचं काम. नवख्याकडून करून घ्यायची तर समजावण्यात संध्याकाळ जाते. तरी ठेवतो. दुकानदाराची सकाळची भवानी होते, तशी ही माणसाची भवानी. लिनक्सच्या गाभ्यातसुद्धा 'स्टेजिंग' नावाचा एक कोपरा आहे. तिथे अजून धड न झालेला कोड ठेवतात आणि पुष्कळ नवे लोक तो निवडण्यापासून सुरुवात करतात, तांदूळ निवडावेत तसा.

पण मिठाचीही आफत होते. २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उत्सव भरतो. २०२० साली त्याचा नियम होता : चार पुल रिक्वेस्ट पाठवा, टी-शर्ट घेऊन जा. झालं! जगभरातून आणि आपल्याकडूनही मंडळी मिठाची भांडी घेऊन धावली. कुणी 'रीड मी'च्या शीर्षकात 'अप्रतिम' घातलं, कुणी नुसतीच जागा सोडली. एकेका पानात दहा-दहा जणांनी मीठ वाढलं आणि आचाऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. उत्सव चालू असतानाच संयोजकांना नियम बदलावा लागला : ज्यांनी बोलावलंय त्यांच्याच पंगतीत वाढा. मला त्या पोरांचा फारसा राग येत नाही. त्यांच्या हाती भांडं दिलं होतं, पान कुणी दाखवलं नव्हतं.

'आचाऱ्यांनी' असं मी वर लिहिलं आणि सवयीनं र तपासला. बरोबर आहे. तज्ज्ञ म्हणजे आचार्य, तो उंच आसनावर, आपण खाली सतरंजीवर, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आचारी असतो : भट्टीपाशी घामाघूम, तेही पुष्कळदा दिवसाची नोकरी करून उरलेल्या रात्री. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भोक सापडलं. जगातल्या कितीतरी संकेतस्थळांची कुलपं या प्रकल्पाच्या भरवशावर होती. तेव्हा लोकांना कळलं, की त्यावर पूर्ण वेळ राबणारा माणूस जेमतेम एक होता आणि देणग्या यायच्या त्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. एवढी पंगत जेवून उठली, पण आचारी जेवला का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

उपाशी आचारी खेकसतो. टॉरव्हाल्ड्स यांचं खेकसणं जगप्रसिद्ध होतं. २०१८ च्या सप्टेंबरात त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ रजा घेतली. खेकसलं की नवखे पळतात, नवखे पळाले की सगळं काम याच्याच अंगावर पडतं आणि काम पडलं की हा आणखी खेकसतो. दिवाळीच्या आधी आमच्याही स्वयंपाकघरात हे चक्र मी पाहिलेलं आहे.

आणि दमलेल्या आचाऱ्यापुढे कुणी मदतीचा हात केला, तर तो हात धुतलेला आहे का, हे तो बघत नाही. 'एक्सझेड' हा फाइली दाबून लहान करणारा प्रकल्प एकच माणूस वर्षानुवर्षं ओढत होता. तिथे 'जिया टॅन' या नावानं कुणी आलं. दोनेक वर्षं मीठ वाढलं, पाणी वाढलं, विश्वास मिळवला, तुपाची लोटी हाती घेतली आणि २०२४ च्या सुरुवातीला तुपातून विष वाढलं : बाहेरच्याला गुपचूप आत घेणारा चोरदरवाजा. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. हा काही सुरक्षेतला आचार्य नव्हे, डेटाबेसचा माणूस. भलतंच काही मोजत असताना त्याला दिसलं, की लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तुमचीआमची तेवढ्यात जांभईसुद्धा पुरी होत नाही. त्याच्या घासात मात्र खडा आला, आणि मजकूर उघडा असल्यामुळे त्याला तो निवडून जगाला दाखवता आला. अशा प्रसंगानंतर दारं लावून घ्यावीशी वाटतात. लावली तर जिया टॅन कदाचित अडेल. फ्रॉइंड नक्की अडेल.

तेव्हापासून मी माझ्या अर्ध्या र कडे जरा बऱ्या नजरेनं बघतो.

माझं टिंब मूळ प्रतीत गेलं. पुढची आवृत्ती आली तेव्हा मी बायकोला हाक मारून यादी दाखवली. तिनं वाचलं, "दुसऱ्या खिडकीत उघडा. बरोबर लिहिलंय की. मग?" मुद्रितशोधकाला याहून मोठी पावती मिळत नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण एक र बरोबर निघाला म्हणून त्यांनी मला तिथला मराठी मजकूर तपासायला बसवलं. म्हणजे मिठावरून चटणीवर बढती. वर्षभरानं माझ्यापुढे एका नवख्याची विनंती आली. तीत 'क्रुपया' होतं, 'उघडा'च्या जागी 'खोला' होतं आणि ओळीच्या शेवटी मोकळी जागा होती. माझं डोकं तापलं. मी तीन परिच्छेद झोडले. त्यांत शिक्षणपद्धती होती, मोबाइल होता आणि 'आमच्या वेळी' तीनदा होतं. पाठवण्याआधी एकदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तरी सगळं खोडलं.

मग त्याची विनंती शेवटपर्यंत वाचली. तळाशी त्यानं लिहिलं होतं : 'फोनवर परवलीचा शब्द बटणात मावत नाही. नुसतं "परवलीचा श" दिसतं. पासवर्ड करू का?' वर्षभर मी तो शब्द अभिमानानं जपला होता. फोनवर तो कसा दिसतो हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं. 'परवलीचा श'.

मी नव्यानं उत्तर लिहिलं. पासवर्डचं तुझं म्हणणं बरोबर आहे, हे सर्वांत आधी. मग 'कृपया'तला ऋ. मग 'खोला' नको, 'उघडा' हवं. मग ती मोकळी जागा, जी माझीही पहिल्या दिवशी राहिली होती. वर सवयीनं मायना घातला आणि पाठवलं.

दहा मिनिटांत सगळं दुरुस्त होऊन आलं. खाली एक ओळ होती : 'सर, बाकी समजलं. पण हे स. न. वि. वि. काय आहे? इन्स्टॉल करावं लागेल का?'